आधी पाय दाखवा

तुम्हाला सर्दी झालेली असो, कान दुखत असो नाहीतर डोळे आलेले असोत, आमच्या कर्जतच्या दातार डॉक्टरांकडे गेलात की आधी चपला काढून पाय दाखवावे लागतात. स्टुलावर बसायचं, पाय समोरच्या पाटावर ठेवायचे आणि बोटं ताणून धरायची. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून वाकतात, दोन्ही पायांची बोटं नीट बघतात, "हं" म्हणतात आणि मग कुठे तुमच्या नाकाकडे वळतात. "आधी पाय, मग पाल्हाळ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मधे ते स्वतः आजारी पडून परत आले. खरं म्हणजे आता कुणाचे पाय बघण्याची त्यांना काही गरज उरलेली नाही. पण नियम तोच आहे.

मी त्यांच्या समोरचाच. दवाखान्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानावर घर. धक्का बसण्याच्या बाबतीत मी जरा हळवा आहे. बायको म्हणते, तुम्हाला एसटी वेळेवर आली तरी धक्का बसतो. अशा माणसाच्या दारासमोर देवाने दातार डॉक्टर आणून ठेवले, तेव्हा देवाच्या मनात काय होतं कोण जाणे.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो कान दुखतो म्हणून. मी म्हटलं, कान ठणकतोय. ते म्हणाले, पाय दाखवा. मला वाटलं, यांचाच कान गेलेला दिसतो. मी पुन्हा मोठ्याने कान म्हटलं. त्यांनी पुन्हा तितक्याच शांतपणे पाय म्हटलं. शेवटी मी चपला काढल्या. त्या दिवशी माझ्या पायांना बरीच माती होती आणि बाकावर ओळखीची चार माणसं बसलेली होती. मी लाजून अर्धा झालो. डॉक्टरांनी बोटं बघितली, "हं" म्हणाले, आणि मग दुसरा हल्ला चढवला. विचारलं, वडील कशाने गेले?

हा त्यांचा दुसरा छंद. पेशंट एकटा येतो असं ते मानतच नाहीत. त्याच्यामागे बाप, आजा, पणजा, आत्या, मावश्या सगळ्यांची रांग असते आणि त्या रांगेतल्या कुणाचा तरी खोकला घेऊन हा आलेला असतो, असं त्यांचं मत. एखादा शेतकरी बिचारा म्हणायचा, बाप देवाघरी गेला. त्यावर डॉक्टर म्हणायचे, "ते ठिकाण झालं. मी कारण विचारतोय." आणि कारण सांगता आलं नाही तर असे तापायचे की बाकावरची मंडळी गपचूप बाहेर जाऊन घरी फोन लावायची आणि आजीचं दुखणं विचारून घ्यायची. ज्याला स्वतःचा बाप कशाने गेला ते ठाऊक नाही त्याला मी कुठल्या तोंडाने गोळी देऊ, असं ते भर दवाखान्यात विचारायचे.

एकदा नेरळकडची एक नवी सून आली. सासूने तिच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं. सासऱ्याचा दमा, आजेसासऱ्याचा लकवा, सगळं तिने धडाधड म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे तुझ्या नवऱ्याच्या रक्तातलं झालं बाई, तू तुझ्या माहेरचं सांग. ती पोरगी एकदम रडायलाच लागली. लग्न झाल्यापासून तिला माहेरचं कुणी काही विचारलंच नव्हतं. मग तिच्या बोलण्यातून तिची आई, आईची आई, सगळी माणसं दवाखान्यात येऊन बसली आणि बाकीचे पेशंट तासभर खोळंबले.

पायांचं खूळ मात्र दवाखान्यापुरतं नव्हतं. निवडणुकीत एक पुढारी मतं मागायला दवाखान्यात आले. डॉक्टर म्हणाले, पाय दाखवा. पुढाऱ्यांना वाटलं, डॉक्टरांना पाया पडायचं आहे. ते अगदी संकोचाने "राहू दे, राहू दे" म्हणत पाय पुढे करून, आशीर्वादाचा हात वर धरून उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांचे मोजे काढायला लावले, बोटं बघितली आणि "हं, चला" म्हणून दार दाखवलं. पुढाऱ्यांचा वर गेलेला हात बराच वेळ वरच होता.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही तेच. शेजारी म्हणून डॉक्टरांना बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, सगळं नीट चाललेलं. आणि हे गृहस्थ नवऱ्यामुलाला म्हणाले, जरा मोजे काढता का? मुलाची आई माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. मुलाने मुकाट्याने मोजे काढले. त्याच मुलाशी पुढे लग्न झालं, जावई चांगला आहे, पण अजून आमच्या घरी आला की पाय खुर्चीखाली घेऊन बसतो.

मयताला गेलं की माणसं चेहऱ्याचं दर्शन घेतात, हे पायाकडून जायचे. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हबकलोच. नंतर गावाला सवय झाली. कुणी म्हणायचं, डॉक्टर मेलेल्याचाही आजार ओळखतात. कुणी म्हणायचं, फार नम्र माणूस, सगळ्यांच्या पायाशी जातो.

लोकांच्या पायांत एवढं लक्ष, पण यांचे स्वतःचे पाय कुणी बघितले नव्हते. बारा महिने राखाडी लोकरीचे मोजे. मे महिन्यात आमच्याकडे जीव नकोसा होतो, तेव्हाही मोजे. देवळात बूट बाहेर, मोजे आत. विचारलं तर म्हणायचे, पायाला थंडी वाजते. कर्जतला, मे महिन्यात.

लग्न त्यांनी केलं नाही. गावाचं म्हणणं, मुलगी बघायला जाऊन पाय दाखव म्हणाले असतील, कोण देणार? घरात ते आणि त्यांची आई. माईंनी नव्वदी ओलांडली आहे, कान थोडे गेलेत, बाकी सगळं शाबूत. दवाखान्यात भिंतीवर दोन फोटो. एक डॉक्टरांच्या आजोबांचा, ते वैद्य होते. दुसरा वडिलांचा, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. म्हातारी माणसं आली की फोटोला हात जोडून म्हणायची, तीन पिढ्यांचा हात आहे, रक्तातच वैद्यकी आहे. मीही एकदा म्हणालो होतो की डॉक्टर, तुमचं नाक थेट मोठ्या डॉक्टरांचं आहे. ते नुसते फोटोवरचा हार नीट करत राहिले.

सगळ्या तालुक्यात त्यांना पाय दाखवायला नकार दिला तो एकाच बाईने. पोशीरची हौसाबाई. दरवर्षी भात घरात आलं की ती नव्या तांदळाचं एक माप फडक्यात बांधून माईंसाठी आणायची. तिच्याआधी तिची आई आणायची. मोठ्या डॉक्टरांच्या वेळचे उपकार असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. ती दवाखान्यातून कधी यायची नाही, थेट मागच्या दाराने यायची, लुगडं पावलांवर ओढून पायरीवर बसायची आणि माईंच्या हातचा चहा पिऊन जायची. एकदा डॉक्टर मागे आले आणि म्हणाले, "हौसाबाई, सगळं गाव येतं, तुम्ही कधी दवाखान्यात येत नाही. बघू, पाय दाखवा."

ती म्हणाली, "माजं पाय कशाला बगताव? मी काय आजारी हाय?" आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेली. मी त्यांच्याच मागच्या नळावर पाणी भरत होतो. डॉक्टरांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माईसुद्धा चहाचा कप उचलायचं विसरून बसून राहिल्या होत्या.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग एक दिवस भर सकाळी डॉक्टर एका रिक्षावाल्याचे पाय बघायला वाकले ते उठेचनात. रिक्षावाल्याला वाटलं, हे आपल्याच पाया पडताहेत. तो कळवळून म्हणत होता, डॉक्टर, नका हो, मी लहान आहे तुमच्यापेक्षा. मी दुकानातून ते बघितलं आणि धावलो. डॉक्टरांना घाम फुटला होता, हात छातीवर होता. त्याच रिक्षात घालून आम्ही त्यांना खोपोलीला एका हॉस्पिटलमध्ये नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भराभर सुया लावल्या, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की झटका मोठा आहे, उद्या सकाळी पनवेलला हलवायचं, तिथे ऑपरेशन. नर्सने डॉक्टरांचे मोजे काढले. माझी नजर गेली. दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन बोटं नखापर्यंत एकमेकांना जोडलेली होती. मधे कातडी, फटच नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. वडील कशाने गेले? घरात कुणाला हृदयाचा त्रास?

दातार डॉक्टर म्हणाले, "माहीत नाही."

मला वाटलं, यांना भ्रम झाला. मी मधे पडून सांगायला लागलो की मोठे डॉक्टर काविळीने गेले, मी स्वतः पोचवायला होतो. डॉक्टरांनी हाताने मला थांबवलं आणि पुन्हा म्हणाले, माहीत नाही म्हणून लिहा. ज्या माणसाने सगळ्या तालुक्याला बापाचं मरण पाठ करायला लावलं, तो हे म्हणत होता. मी भिंतीला टेकलो.

बाई गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता. कॉलेजात असताना त्यांना कळलं की अशी बोटं रक्तातून येतात, आईकडून नाहीतर बापाकडून. सुट्टीत घरी आले तेव्हा दुपारी दोघं झोपलेली असताना त्यांनी मोठ्या डॉक्टरांचे पाय बघितले, माईंचे बघितले. चारही पायांची बोटं सुटी होती. त्या दुपारनंतर त्यांनी मोजे घातले ते काढले नाहीत.

मी विचारलं, माईंना का नाही विचारलं?

"विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं ना," ते म्हणाले. "मग दवाखाना उघडला. म्हटलं, कधीतरी कुणीतरी सर्दी घेऊन येईल." मग म्हणाले, "सगळा तालुका बघितला सुधीरराव. कुणी आलं नाही. माईला यातलं काही बोलू नका."

इतकी वर्षं मी त्या पाटाकडे बघून हसत होतो. हसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दुपारी मी कर्जतला माईंकडे गेलो. वाटेत ठरवलं होतं की ॲसिडिटी सांगायची. मी ॲसिडिटी म्हणालो. माई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्याचे मोजे काढले का रे तिथे?"

मी गार पडलो. खोटं बोलायचं ठरवलेलं, पण मान आपोआप होकारार्थी हलली.

मग माईंनी जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं, बसायचं सुचलंच नाही. माईंचं माहेर पुण्याचं. लग्न होऊन इथे आल्या, बरीच वर्षं मूल नव्हतं. पोशीरची एक बाई होती, तिची एक मुलगी तेवढी जगलेली, पाठची सगळी मुलं जन्मली की जायची. मोठ्या डॉक्टरांनी तिचं बाळंतपण केलं, मुलगा झाला. त्या बाईने तो मुलगा उचलून माईंच्या ओटीत घातला आणि म्हणाली, आता ह्यो तुमचा. इथल्या गावांमधून तशी रीत होती. मुलं जगत नसली की नवं मूल दुसरीच्या ओटीत घालायचं. मग ते दुसरीचं झालं, त्याच्यावरची वाईट नजर चुकली. आणि सव्वा महिन्याने मापभर तांदूळ देऊन आपलं मूल परत न्यायचं.

"मला ती रीतच ठाऊक नव्हती," माई म्हणाल्या. "मला वाटलं, तिने मला दिलं."

सव्वा महिन्याने ती बाई तांदळाचं माप घेऊन आली. घरात पाळणा टांगलेला, बाळाला जरीचं टोपडं. माईंनी तिचे हात धरले आणि रडत म्हणाल्या, बाई, तुझे उपकार मी कसे फेडू? त्या बाईला पुढे बोलताच आलं नाही. डॉक्टरांच्या बायकोला, मूल परत दे, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिने तांदूळ ठेवले आणि रिकाम्या हाताने निघून गेली. माईंनी कौतुकाने त्या तांदळाची खीर केली.

रीत कळली ती पुढे दुसऱ्या एका बाईच्या बोलण्यातून. तोवर मुलगा शाळेत जात होता. माई म्हणाल्या की त्या दिवसापासून दरवर्षी ते तांदूळ आले की मला वाटायचं, आता ती मागेल, आता मागेल. तिने कधी मागितलं नाही. ती गेली, मग तिची मुलगी यायला लागली. तीही मागत नाही.

"आणि हा लोकांचे पाय का बघतो, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," माई म्हणाल्या. "मी आत बसून ऐकत राहिले. माझा धीर झाला नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तशाच बोलल्या. "तू आत्ताच्या आत्ता पोशीरला जा. हौसाला म्हणावं, माईने बोलावलंय. त्याच्याकडे घेऊन जा तिला."

मी तोच रिक्षावाला घेऊन पोशीरला गेलो. हौसाबाई अंगणात वाल निवडत होती. मी निरोप सांगितला. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "माईनं? खरंच माईनं बोलावलं?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि फडक्यात तांदूळ बांधून घेऊन आली. हे दिवस भाताचे नव्हते, कणगीच्या तळाचे जुने तांदूळ असतील. खोपोलीपर्यंत ती गाठोडं मांडीवर घट्ट धरून बसली होती.

तिला दारात बघून डॉक्टर दचकले. म्हणाले, "हौसाबाई, तुम्ही? माईला काही झालं का?"

तिने चपला काढल्या. स्टूल ओढून कॉटला लावलं, त्यावर बसली, लुगडं घोट्यावर घेतलं आणि दोन्ही पाय उचलून डॉक्टरांच्या पायांशेजारी गादीवर ठेवले. भेगाळलेले, चिखलाने काळवंडलेले पाय. अंगठ्याशेजारची दोन बोटं नखापर्यंत जोडलेली. मधे फट नाही.

"तुला बगायचं व्हतं ना," ती म्हणाली. "बग आता."

डॉक्टर चष्म्यासाठी चाचपडायला लागले. मी चष्मा दिला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे कपाळावर चढवला आणि मान उचलून बघत राहिले. "हं" म्हणायला गेले, पण ते त्यांना म्हणता आलं नाही.

"आईनं शपत घातली व्हती," हौसाबाई म्हणाली. "माई बोलवंल तवाच जायचं, तवर नाय. तू लोकांचं पाय बगतूस त्ये आयकलं, तवापून मी दवाखान्याची पायरी चढली नाय रं."

मग डॉक्टरांनी विचारलं. जन्मभर लोकांना दरडावून विचारलेला प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला.

"आपले वडील कशाने गेले?"

"छातीत कळ आली. खळ्यावर भात झोडीत व्हता, तितंच बसला."

"आणि..." त्यांना पुढचं विचारता येईना.

"आई म्हातारी व्हऊन गेली. दुकनं न्हवतं काय. मला माप भरून द्यायची, परत आले का इचारायची, सुकात हाय ना? हाय म्हनलं की जेवायची."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. कडेने पाणी उशीवर ओघळत होतं, त्यांनी ते पुसलं नाही. मीही पुसलं नाही, माझंही तेच चाललं होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुन्हा फेरीला आल्या. दातार डॉक्टरांनी डोळे उघडले आणि त्यांना सांगितलं, सकाळचं खोडा, आता लिहून घ्या. वडील छातीत कळ येऊन गेले, शेतात काम करताना. बाईंनी लिहिलं आणि विचारलं, "आणि आई?"

डॉक्टरांनी हौसाबाईकडे बघितलं.

"आई आहे," ते म्हणाले. "कर्जतला असते. नव्वदीच्या पुढे आहे, तिला काही आजार नाही."

मी आ वासला. घराण्याची माहिती चुकीची दिली म्हणून ज्यांनी लोकांना दवाखान्याबाहेर काढलं होतं, त्यांनी डॉक्टरसमोर धडधडीत चुकीची माहिती दिली होती. मी हौसाबाईकडे बघितलं. तिला राग आला नव्हता. तिने मान हलवली, मोजे उचलले आणि भावाच्या पायांत हळूच चढवले. मग गाठोडं माझ्या हातात दिलं.

"ह्ये माईला द्या," ती म्हणाली. "तिला सांगा, न्यायाला नाय आले. बगायला आले."